आवृत्ती तिसरी, प्रस्तावना गायब

क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते, म्हणजे ६६ फूट. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२०च्या सुमारास जमीन मोजायला जी साखळी रूढ केली, तिचीही लांबी तंतोतंत तेवढीच, ६६ फूट. तिचे अर्धे केले की ३३ फूट होतात. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे आपला एक गुंठा. असे ४० गुंठे झाले की एकर. तुमच्या फोनवर ‘दोन गुंठे, रोड टच, बोजा नाही’ अशी जाहिरात येते, तेव्हा चारशे वर्षांपूर्वीच्या त्या साखळीचा अर्धा तुकडाच तुमच्यापुढे आलेला असतो.

ही साखळी इंग्लंडमधून निघून जगभरातल्या शेतांत पोचली ती पुस्तकांतून. पाठ्यपुस्तकांतून. जमीन कशी मोजायची, क्षेत्रफळ कसं काढायचं, वाकड्या बांधाचं काय करायचं, हे शिकवणारी शेकडो पुस्तकं सोळाव्या शतकापासून छापली गेली. आज ती कोणी शिकायला वाचत नाही. जमवणारे मात्र आहेत. भूमापनाची आणि त्याला लागणाऱ्या गणिताची जुनी पुस्तकं जमवणं हा जगात बऱ्यापैकी जुना छंद आहे. त्यात निवृत्त मोजणीदार आहेत, गणिताचे प्राध्यापक आहेत, आणि नुसती जाड कातडी बांधणी आवडणारेही आहेत.

हा छंद मला मनापासून चांगला वाटतो. या लोकांनी जपली नसती तर ही पुस्तकं कधीच रद्दीत गेली असती. पण ती कशासाठी जपायची, याची जी मोजपट्टी या छंदात चालते, ती चुकीची आहे असं माझं म्हणणं आहे. कादंबरी किंवा कवितासंग्रह जमवायचे नियम इथे जसेच्या तसे आणले गेलेत. त्या नियमांनी पाठ्यपुस्तक मोजलं, की त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हातातून निसटते.

स्वच्छ प्रतीचा मोह

जुन्या पुस्तकांच्या बाजारात भाव ठरतो तो साधारण तीन गोष्टींवर. पहिली आवृत्ती आहे का, प्रत स्वच्छ आहे का, आणि ती कोणा नामवंताच्या हाताखालून गेली आहे का. भूमापनाच्या पुस्तकांत या तिसऱ्या मुद्द्याला भलताच मान आहे, कारण या धंद्यात नामवंत माणसं होऊन गेली. जॉर्ज वॉशिंग्टन १७४९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, व्हर्जिनियातल्या कल्पेपर कौंटीचा मोजणीदार झाला. अब्राहम लिंकनने १८३३च्या आसपास गिब्सन आणि फ्लिंट यांची भूमापनाची पुस्तकं घोकून हे काम शिकून घेतलं आणि त्यावर पोट भरलं. साहजिकच ‘लिंकनने वाचलेलं पुस्तक’ एवढं म्हटलं, की त्या पुस्तकाची इतर भावंडंही भाव खाऊ लागतात.

आता स्वच्छ प्रतीचं बघा. पाठ्यपुस्तक हे वापरून संपवायचं असतं. ज्याच्या पानांवर शाईचे डाग नाहीत, समासात बेरजा नाहीत, मागच्या कोऱ्या पानावर कोणी त्रिकोण गिरवलेला नाही, अशी तीनशे वर्षं जुनी प्रत बहुधा कोणाच्या तरी दिवाणखान्यातल्या कपाटात शोभेला ठेवलेली होती. तिला शेताचं वारंही लागलेलं नाही. उलट ज्या प्रतीला ‘आत लिखाण आहे, पानं मळलेली’ म्हणून कमी भाव येतो, तिच्यात एखाद्या शिकाऊ माणसाने उदाहरण सोडवताना कुठे अडखळला हे दिसतं. पुस्तकाने काय शिकवलं आणि माणसाला काय कळलं, यातलं अंतर फक्त मळलेल्या प्रतीत मोजता येतं.

तरी स्वच्छतेचा मोह समजण्यासारखा आहे. पहिल्या आवृत्तीचा मोह मात्र जास्त नुकसान करतो. तो का, हे कळायला ही पुस्तकं आतून कशी असतात ते आधी पाहावं लागेल.

चार बाजू आणि एक कर्ण

भूमापनाच्या पुस्तकातलं गणित वरवर निरुपद्रवी दिसतं. एक साधा प्रश्न घ्या. चार बांधांचं शेत आहे, चारही बांधांची लांबी माहीत आहे, तर क्षेत्रफळ किती? जगात फार जुन्या काळापासून चालत आलेली एक सोपी रीत अशी: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करा.

आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त अशा प्रश्नालाच हात घातला आहे. लंब किंवा कर्ण न सांगता नुसत्या बाजूंवरून चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणाऱ्याची आणि ते सांगू पाहणाऱ्याचीही त्यांनी चांगलीच खरडपट्टी काढली आहे. कारण त्याच चार बाजूंचे कितीतरी वेगवेगळे चौकोन होऊ शकतात. करून बघा. चारही बाजू ५ साखळ्यांच्या घ्या. कोपरे काटकोनात असतील तर क्षेत्रफळ २५ चौरस साखळ्या, म्हणजे गंटरच्या हिशेबाने अडीच एकर, कारण १० चौरस साखळ्यांचा एक एकर. आता तोच चौकोन एका बाजूला ढकला, एक कोपरा ३० अंशांचा होईपर्यंत. बाजू त्याच राहिल्या, क्षेत्रफळ निम्म्यावर आलं: सव्वा एकर. सरासरीची रीत मात्र दोन्ही वेळा अडीच एकरच सांगते.

यातली गोम अशी की ही रीत चुकते तेव्हा नेहमी एकाच दिशेने चुकते. काटकोन चौकोनात उत्तर बरोबर येतं. बाकी सगळीकडे ते खऱ्यापेक्षा जास्त येतं, कमी कधीच येत नाही. सारा क्षेत्रफळावर ठरत असेल, तर या चुकीचा फायदा कायम सारा घेणाऱ्याला होतो. चुकीचं गणितही कोणाच्या तरी बाजूचं असतं.

म्हणून जुनं पाठ्यपुस्तक हाती आलं की मी आधी चौकोनी शेताचं उदाहरण शोधतो. लेखक कर्ण मोजायला सांगतो का? शेताचे दोन त्रिकोण पाडायला लावतो का? वाकड्या बांधासाठी काय युक्ती देतो? ‘व्यवहारात एवढं चालतं’ असं म्हणून कुठे सोडून देतो? आणि ते ‘चालणं’ कोणाला चालतं? एवढं नीट वाचलं, की गणिताचं पुस्तक एकदम बोलायला लागतं.

शेतकऱ्याचे संवाद

काही पुस्तकं तर खरोखरच बोलतात. जॉन नॉर्डन या इंग्रज मोजणीदाराने १६०७ साली ‘द सर्व्हेयर्स डायलॉग’ हे पुस्तक छापलं. नावाप्रमाणेच ते संवादांत लिहिलेलं आहे. मोजणीदाराशी कधी शेतकरी बोलतो, कधी जमीनदार, कधी जमीन विकत घेऊ पाहणारा. सुरुवातीचा शेतकरी चांगलाच तापलेला आहे. तुम्ही लोक येता, आमच्या जमिनींत नाक खुपसता आणि मग आमचा खंड वाढतो, असं त्याचं सरळ म्हणणं आहे.

नॉर्डन स्वतः सरकारी मोजणीदार होता, त्यामुळे वादात कोण जिंकणार हे उघड आहे. मोजणी सगळ्यांच्याच हिताची, प्रामाणिक माणसाला कसली भीती, असं मोजणीदार समजावत राहतो आणि शेतकरी निवळत जातो. नाट्य म्हणून हे फार ग्रेट नाही. शेतकऱ्याला हरवण्यासाठीच उभं केलंय, हे पानोपानी कळतं. पण गंमत अशी की, त्याला हरवायचं तर आधी त्याला बोलू द्यावं लागतं. त्यामुळे तेव्हाच्या गावात मोजणीबद्दल काय राग होता, तो मोजणीचं समर्थन करणाऱ्या पुस्तकातच छापला गेला. नकाशाचा फायदा काय, तर मालकाला खुर्चीत बसून आपली सगळी जमीन दिसते, हेही नॉर्डन अभिमानाने सांगतो. आज घरबसल्या फोनवर सातबारा पाहणाऱ्याला ही खुर्ची ओळखीची वाटेल. फरक एवढाच की १६०७ साली ती एकट्या जमीनदाराकडे होती.

पुढच्या शतकांतल्या पुस्तकांतून हा शेतकरी नाहीसा होतो. उरतो तो ‘अ ब क ड हे शेत’. शेताला अक्षरं मिळाली आणि शेत कसणारा वाक्यातून बाहेर गेला. हा बदल एका पुस्तकात सापडत नाही. पुस्तकांची रांग लावली तरच तो दिसतो.

एक पुस्तक, तीन आवृत्त्या

आता पहिल्या आवृत्तीच्या मोहाकडे येऊ. यासाठी आपल्याच देशातलं एक पुस्तक पुरेसं आहे.

१८५१ साली कलकत्त्यात ‘अ मॅन्युअल ऑफ सर्व्हेइंग फॉर इंडिया’ हा जाडजूड ग्रंथ निघाला. लेखक म्हणून नावं दोन लष्करी अधिकाऱ्यांची: स्मिथ आणि थुलियर. हिंदुस्थानातल्या महसुली मोजणीसाठी हे हाताशी ठेवायचं पुस्तक होतं. साखळी कशी धरायची इथपासून ताऱ्यांच्या वेधांवरून अक्षांश कसे काढायचे इथपर्यंत सगळं त्यात होतं. प्रस्तावनेत लेखकांनी स्वच्छ लिहिलं होतं की, तिसऱ्या आणि पाचव्या भागांसाठी बाबू राधानाथ सिकदार यांची मोठी मदत झाली आहे. तिसऱ्या भागातली अमुक अमुक प्रकरणं आणि पाचवा भाग संपूर्ण त्यांचाच आहे. म्हणजे पुस्तकातलं अवघड गणित बरंचसं सिकदारांचं.

सिकदार कोण? १८१३ साली जन्मलेले, कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेले. १८३१ साली ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेत गणक म्हणून लागले आणि पुढे मुख्य गणक झाले. साहेबापुढे मान खाली घालणारा हा गडी नव्हता. १८४३ साली मॅजिस्ट्रेट व्हॅन्सिटार्ट मोजणी खात्यातल्या मजुरांना आपलं सामान वाहायला फुकट राबवतो, म्हणून सिकदारांनी त्याच्याशी उघड भांडण घेतलं. त्याबद्दल त्यांनाच २०० रुपये दंड झाला.

मॅन्युअलची दुसरी आवृत्ती १८५५ साली निघाली. १८७० साली सिकदार वारले. १८७५ साली तिसरी आवृत्ती आली. तोवर थुलियर भारताचे सर्व्हेयर जनरल झाले होते. या आवृत्तीत जुनी प्रस्तावना नव्हती आणि सिकदारांचं नावही नव्हतं. गणित मात्र राहिलं. १८७६ साली ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या इंग्रजी पत्राने यावर कडक टीका केली. हे मेलेल्या माणसाला लुटणं आहे, असा तिचा सूर होता. टीका करणाऱ्यांत खुद्द ब्रिटिश मोजणी अधिकारी होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

सिकदारांचं नाव आज बहुतेकांनी ऐकलेलं असतं ते एव्हरेस्टमुळे. ‘साहेब, मी जगातलं सर्वांत उंच शिखर शोधलं!’ असं म्हणत ते धावत गेले, ही कथा फॉरवर्डमधून दर वर्षी फिरते. मुळात १८४९ पासून सिकदार कलकत्त्यात होते आणि त्यांचे साहेब अँड्र्यू वॉ डेहराडूनला. तेव्हा धावत जाऊन सांगण्याचा तो प्रसंग जरा जपूनच घ्यावा. २९,००२ फूट ही उंची १८५६ साली जाहीर झाली. तिच्यामागे अनेकांची निरीक्षणं आणि वर्षांची आकडेमोड होती. त्यात सिकदारांचा वाटा नेमका किती यावर वाद घालता येतो आणि घातलाही जातो.

मॅन्युअलच्या बाबतीत असा वाद घालायला जागाच नाही. पुरावा छापील आहे, आणि तो लेखकांनीच दिलेला आहे. फक्त तो एका आवृत्तीत आहे आणि दुसरीत नाही. ज्याच्याकडे फक्त पहिली आवृत्ती आहे, त्याला वाटेल की साहेबांनी किती उमदेपणाने श्रेय दिलं. ज्याच्याकडे फक्त तिसरी आहे, त्याला सिकदार नावाचा माणूस होता हेच कळणार नाही. हा खोडसाळपणा कळायला दोन्ही आवृत्त्या एका टेबलावर लागतात. बाजाराच्या नियमाने मात्र तिसरी आवृत्ती म्हणजे जागा अडवणारा माल.

पाठ्यपुस्तकाचं वैशिष्ट्यच हे आहे. कादंबरी एकदा लिहून होते, पाठ्यपुस्तक पुन्हा पुन्हा लिहिलं जातं. दर आवृत्तीला कोणीतरी ठरवतं की काय ठेवायचं, काय गाळायचं, कोणाचे आभार मानायचे. त्या निर्णयांची नोंद कुठल्याही फायलीत नसते. ती आवृत्त्यांमधल्या फरकातच असते. म्हणून पाठ्यपुस्तकांच्या संग्रहाचं एकक ‘एक दुर्मिळ प्रत’ हे असूच शकत नाही. एकच पुस्तक त्याच्या सगळ्या आवृत्त्यांसह, अगदी शेवटच्या फाटक्या शालेय आवृत्तीपर्यंत, हे ते एकक आहे.

आपल्या दारातली उदाहरणं

मराठीत या संग्रहाला भरपूर वाव आहे. १८२०च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी पंडितांच्या मदतीने गणिताची पुस्तकं मराठीत आणली. त्यासाठी आधार घेतला तो चार्ल्स हटनच्या पुस्तकांचा. हा हटन न्यूकॅसलच्या कोळसाखाणीतल्या कामगाराचा मुलगा, पुढे वुलिचच्या लष्करी अकादमीत प्राध्यापक झालेला. म्हणजे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांसाठी लिहिलेलं गणित मराठी मुलांच्या हातात आलं, आणि त्यासाठी मराठीत शब्द घडवावे लागले. ते घडवताना शास्त्री-पंडितांनी काय केलं असेल, ‘लीलावती’तले कुठले शब्द उचलले, कुठले नवे पाडले, हे त्या पुस्तकांच्या पानांतच वाचायचं. आपण मात्र त्यांना ‘जर्व्हिसची पुस्तकं’ म्हणून मोकळे होतो. सिकदारांची गोष्ट माहीत असलेल्याने तरी प्रस्तावना पुन्हा एकदा उघडून बघावी.

हे सगळं केवळ पुस्तकी आहे असंही नाही. १८२०च्या दशकाच्या शेवटी पुणे भागात प्रिंगल यांच्या देखरेखीखाली पहिली मोठी मोजणी झाली. कागदावर तिची तत्त्वं अत्याधुनिक होती. जमिनीवर मोजणीतल्या चुका, लाचखोरी आणि न पेलणारा सारा यांनी ती बुडाली. लोक जमिनी टाकून गेले. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांना इंदापुरापासून सगळं नव्याने सुरू करावं लागलं. मुंबई इलाख्यातल्या मोजणीत ३३ फुटांची साखळी आणि तिचे सोळा आणे चालले. गंटरच्या साखळीला शंभर कड्या, दशमानाच्या सोयीसाठी. इथे सोळा भाग, कारण गावात सगळ्यांना आण्यांचा हिशेब तोंडपाठ. गुंठ्याचा सोळावा हिस्सा म्हणून ‘आणा’ आजही जुन्या कागदांत भेटतो. पुस्तकातली साखळी गावात आली तेव्हा तिला गावचा हिशेब शिकावा लागला. पाठ्यपुस्तक आणि शेत यांच्यातली ही देवघेव समजून घ्यायला इंग्रजी पुस्तकाशेजारी मराठी पुस्तक ठेवावं लागतं, आणि दोन्हींशेजारी एखादं मोजणीचं टिपण.

फोनमधलं कपाट

अठराव्या शतकातली एखादी चांगली प्रत विकत घ्यायला बरेच पैसे लागतात, ते आपल्यापैकी बहुतेकांकडे नसतात. पण या पुस्तकांपैकी अनेकांच्या स्कॅन प्रती इंटरनेटवर फुकट आहेत. स्वच्छ प्रतीचा आणि नामवंत मालकाचा मोह तिथे आपोआप गळून पडतो, ही मोठीच सोय. खऱ्या अर्थाने वाचणाऱ्यासाठी फोनमधला एक फोल्डर हा काचेच्या कपाटापेक्षा वाईट संग्रह नाही.

त्यातही दोन खड्डे आहेत. एक, स्कॅन करणाऱ्यांना आवृत्त्यांचं फारसं सोयरसुतक नसतं. एक आवृत्ती चढवली की पुस्तक ‘झालं’. दुसरं, भूमापनाच्या पुस्तकांत घडी घातलेले मोठे नकाशे आणि आकृत्या असतात. घाईच्या स्कॅनिंगमध्ये ती घडी कित्येकदा उलगडलीच जात नाही. पडद्यावर दिसतो तो दुमडलेल्या कागदाचा कोपरा. ज्या आकृतीवरून पुढची वीस पानं चालतात, तीच नसते. तेव्हा कागदी प्रत जपणाऱ्या जुन्या संग्राहकांची गरज संपलेली नाही. त्यांनी फक्त कपाटात थोडी जागा तिसऱ्या-चौथ्या आवृत्त्यांसाठी करावी, आणि त्या घड्या उलगडून फोटो काढून ठेवावेत.

आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात कधी मॅन्युअलची १८७५ ची आवृत्ती दिसली, दुकानदार म्हणाला की ही पहिली नाही, स्वस्तात देतो, तर घेऊन टाका. घरी आल्यावर १८५१ ची प्रस्तावना फोनवर उघडून शेजारी ठेवा. मगच पहिलं पान उलटा.